एल्स्पेट आणि लोखंडी जनावर

एल्स्पेट फ्लेटला भीती म्हणून कशाचीच वाटत नसे, आणि ज्या गावात प्रत्येक जण कशाला ना कशाला भीत होता तिथे हा दुर्गुणच मानला जाई. गाव स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं. कड्याखाली घरांची एक ओळ, समोर गोट्यांचा किनारा; बंदर नाही, धक्का नाही. पुरुष समुद्रावर जात. बाकीची सगळी कामं बायका करत आणि गाव पुरुषांच्या हिमतीवर चालतं असं म्हणत. एल्स्पेट पहाटे शिंपल्या सोलून गळांना आमिष लावी, मग मासळीची करंडी पाठीवर घेऊन कडा चढे आणि वरच्या शेतकऱ्यांना मासे देऊन लोणी नि ओटचं पीठ घेऊन उतरे. चढता-उतरताना हात रिकामे कशाला, म्हणून मोजे विणी. मुलंही तिला अशीच, कामातून सवड काढून झाली.

नवरा गिलबर्ट काउई; तिथे बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावत. अर्धं गाव काउई आणि उरलेलं अर्धं फ्लेट, त्यामुळे टोपणनावाशिवाय कुणाची ओळख पटत नसे, आणि टोपणनावं वडिलोपार्जित असत. गिलबर्टच्या आजोबांचे केस तांबडे होते म्हणून ते ‘गाजर’. गिलबर्टच्या डोक्यावर तांबडाच काय, कुठल्याच रंगाचा केस उरला नव्हता. तरी तोही गाजरच. ‘मार्जरी’ या होडीचा तो तांडेल. वादळात सुकाणू धरून खुशाल शीळ घालत बसेल असा गडी. पण एका जनावराचं नाव काढलं की त्याच्या तोंडचं पाणी पळे.

ते जनावर म्हणजे डुक्कर. कागदावर लिहायला काय जातंय? पण त्या किनाऱ्यावर हा शब्द कुणी उच्चारला तर त्या दिवशी होडी पाण्यात लोटायची नाही. चुकून कानावर पडलाच तर ताबडतोब लोखंडाला हात लावायचा. अगदीच बोलायची वेळ आली तर ‘लोखंडी जनावर’ म्हणायचं. पाद्रीबाबाही असेच वर्ज्य. त्यांना म्हणायचं ‘काळा कोट’. रविवारी त्यांचं प्रवचन भक्तिभावाने ऐकायचं आणि सोमवारी ते वाटेत दिसले की घरी परत फिरायचं. बिचारे सोमवारी घराबाहेरच पडत नसत.

एल्स्पेट मात्र शेतांवर रोज डुकरं बघे. एकदा तर गारठून गेलेली असताना एका शेतकरणीने त्यातल्याच एकाच्या तळलेल्या तुकड्यासोबत अंडं वाढलं, ते तिने चाटूनपुसून खाल्लं होतं. समुद्राला काही कळलं नाही. नवऱ्यालाही नाही.

महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यातल्या एका उन्हाळ्यात व्हिटकोम नावाचा इंग्रज चित्रकार वरच्या शेतावर येऊन राहिला. रोज छत्री, घडीची तिवई आणि रंगांची पेटी घेऊन तो किनाऱ्यावर बसे आणि ओढून ठेवलेल्या होड्या जलरंगात काढी. आपली ‘मार्जरी’ मधोमध आहे हे कळल्यापासून गाजरची चालच बदलली. हेरिंग मासळीचा हंगाम तोंडावर आलेला, जाळी दुरुस्तीला पडलेली, आणि हा बाबा नवरीच्या बापासारखा तिच्याभोवती घुटमळायचा.

चित्र पुरं झालं तेव्हा व्हिटकोमने ते सौजन्याने सगळ्यांना दाखवलं. गाजरने डोळे बारीक करून डोलकाठी पाहिली, दोर पाहिले, डांबर पाहिलं, खूश होऊन मान हलवली. मग त्याची नजर होडीच्या पुढ्यात गेली आणि तिथेच थिजली. काळ्या डांबराच्या बाजूला गुलाबी रंग खुलून दिसतो म्हणून व्हिटकोमने शेतावरचं एक गुबगुबीत डुक्कर थेट ‘मार्जरी’च्या नाकासमोर आणून उभं केलं होतं.

एका क्षणात सगळे पुरुष खाली वाकले आणि आपापल्या बुटांच्या खिळ्यांना हात लावू लागले. हे लोक आपल्याला वाकून मुजरा करताहेत असं वाटून व्हिटकोमला भरून आलं. त्यानेही कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला.

त्या संध्याकाळी गाजरने जाहीर केलं की ‘मार्जरी’ या हंगामात पाण्यात उतरणार नाही. ज्या होडीच्या तोंडासमोर ते उभं आहे, ती परत येत नसते. त्याच्या दोन्ही भावांनी माना डोलावल्या. आता हेरिंगचा हंगाम गेला तर पुढचा हिवाळा बटाट्याच्या सालींवर काढायचा, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. एल्स्पेटने एवढंच विचारलं की कागदावरचं जनावर होडी कशी बुडवील. गाजर म्हणाला की बायकांना या गोष्टी कळत नाहीत. हे ऐकून तिने विणकाम खाली ठेवलं. ती विणकाम खाली ठेवी तेव्हा घरातली मांजरसुद्धा बाहेर जाई.

दुसऱ्या दिवशी ती कडा चढून शेतावर गेली. वर त्या शब्दाला बंदी नव्हती, म्हणून तिने आढेवेढे न घेता सांगितलं, “साहेब, ते डुक्कर काढा.”

व्हिटकोम दुखावला. इतकं जिवंत डुक्कर त्याच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. शिवाय जलरंग खोडता येत नाही, फार घासलं तर कागद फाटतो, असं त्याने समजावलं. हवं तर तो कुत्रा आहे असं सांगू, असंही सुचवलं.

“गुलाबी कुत्रा?” एल्स्पेट म्हणाली. “ते भित्रे आहेत, आंधळे नाहीत.”

मग झाकता तरी येईल का, असं तिने विचारलं. व्हिटकोमने विचार केला. फिक्या रंगावर गडद रंग चढतो खरा, पण वस्तू मोठी हवी, काळपट हवी आणि रुंद हवी.

“मग मी काय वाईट आहे? निळा घागरा आहे, आणि तुमच्या त्या डुकरापेक्षा वीतभर रुंदच भरेन.”

करंडी पालथी घालून ती अंगणातच बसली. नुसतं बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं, म्हणून मोजा काढला. हात हलवू नका म्हणून व्हिटकोमने विनवलं. तुम्ही तुमचा हलवता ना, म्हणून तिने विणकाम चालू ठेवलं. निळा घागरा डुकरावर पसरला, शेपटीच्या जागी करंडी आली, कानांच्या जागी सुया. डोक्याला लाल रुमाल दिला तेव्हा व्हिटकोमची गुलाबी रंगाची हुरहूरही शमली.

रविवारी प्रार्थनेनंतर एल्स्पेटने घरी आणलेलं चित्र पुरुषांनी एक हात दाराच्या लोखंडी कडीवर ठेवून लांबूनच न्याहाळलं.

“गेलं?” गाजरने विचारलं.

“दिसतंय का?”

“दिसत नाही. पण गेलं कुठं?”

खोटं बोलणं तिला येत नसे, आणि रविवारी तर मुळीच नाही. “माझ्याखाली आहे,” ती म्हणाली.

मग चर्चा सुरू झाली. झाकलेलं लोखंडी जनावर हे असलेलं समजायचं की नसलेलं? थोरला भाऊ म्हणाला, असलेलं. धाकटा म्हणाला, गाडलेला माणूस जसा घरच्या माणसांत धरत नाहीत, तसं हे नसलेलं. काळ्या कोटाला विचारावं असंही एकाने सुचवलं, पण उद्या सोमवार. वाद स्वयंपाकघरात सूप निवेपर्यंत चालला.

शेवटी एल्स्पेट उठली. गावाला धक्का नसल्यामुळे होड्या लोटल्यावर कमरभर पाण्यात तरंगत, आणि पुरुषांनी पहिल्याच पावलाला भिजून दिवसभर कुडकुडू नये म्हणून बायका त्यांना पाठीवर घेऊन होडीपर्यंत पोचवत. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. एल्स्पेटने फक्त एवढं सांगितलं की उद्या भरतीला ती पाण्यात उभी राहील. ज्याला तिच्याखाली काय आहे याची धास्ती वाटते, त्याने तिच्या वर बसू नये. आपल्या पायांनी यावं. जावांनीही आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात दयामाया नव्हती.

सोमवारी उजाडताना ती घागरा खोचून मांडीभर पाण्यात उभी राहिली. उत्तर समुद्राला उन्हाळा माहीत नसतो. किनाऱ्यावर पुरुष गोट्यांवर उभे होते, नवे कोरडे मोजे घालून. गाजरने एक पाय पाण्यात बुडवला आणि काढून घेतला. बराच वेळ तो क्षितिजाकडे बघत राहिला, जणू वाऱ्याचाच अंदाज घेतोय. मग गुपचूप येऊन बायकोच्या गळ्याला मिठी मारून पाठीवर चढला. मागोमाग भाऊ आपापल्या बायकांच्या पाठीवर.

अर्ध्या वाटेत त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं. “खरं सांग, तुला काहीच वाटत नाही? तुझ्याखाली ते असं कायमचं...”

“वाटतं ना,” एल्स्पेट म्हणाली. “खाली ते, वर तू. ते निदान हलत नाही. पाय वर घे.”

त्याने पाय वर घेतले.