मामानं निवडलेली रॅकेट

दत्तामामा कुठलीही वस्तू आधी हातावर तोलायचा. कुलूप असो की वांगं, डोळे मिटायचे आणि तळहात वरखाली करायचा. "वजन न्हाई तिच्यात दम न्हाई," हा त्याचा निकाल, आणि त्यावर अपील नाही. मामीलाही त्यानं असंच तोलून पसंत केलं असणार, असं माझी आई म्हणायची. मामी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आमच्याकडच्या गोरेगाव नावाच्या खेड्यात एका विनाअनुदानित शाळेत मामा खेळाचा शिक्षक होता. विनाअनुदानित म्हणजे काय ते आमच्याकडं लेकराबाळांनाही ठाऊक असतं. शाळा रोज भरते, पगार पुढं कधीतरी. मामाचे केस गेले, पण अनुदान काही आलं नाही. आपलं झालं ते भाचीचं होऊ नये, हा एकच ध्यास त्यानं घेतला. मी त्याच्याकडंच बारावीला होते. राज्य स्पर्धेत पदक मिळालं तर खेळाडूंच्या राखीव जागेतून मी पोलिसात लागेन, असं त्याचं गणित होतं. "कबड्डीला गर्दी लई. ज्या खेळाकडं कुत्रं फिरकत न्हाई, तिथंच आपली डाळ शिजती," असं म्हणत त्यानं स्क्वॉश शोधून काढला.

रॅकेटनं भिंतीवर चेंडू मारायचा हा खेळ आम्ही दोघांनी फक्त मोबाइलवर पाहिलेला. रॅकेट आणायला नांदेडला गेलो. दुकानदारानं दोन काढल्या. एक अगदी हलकी होती, तीच माझ्या हातात बसली.

"नवीन खेळणाऱ्याला कोणती बरी?" मी विचारलं.

"मी विकतो ताई, खेळत नाही," तो म्हणाला.

मामानं दोन्ही तोलल्या, डोळे मिटले आणि जड उचलली.

"मामा, ती हलकी..."

"काहून? भाकरी खातीस का हवा खातीस?"

झालं! जड रॅकेट घरी आली.

रोज सकाळी शाळेच्या मागच्या भिंतीवर सराव सुरू झाला. ती रॅकेट अख्खा हात मागं नेल्याशिवाय फिरायचीच नाही, म्हणून मी अख्खा हात फिरवायला शिकले. मनगट सुजलं की मामा हळद गरम करून लावायचा. चुकलेला चेंडू शोधायला दोघंही सोयाबीनमध्ये शिरायचो. मोबाइलवरचा चेंडू कडेला जाऊन परत वळायचा. "फिरकी हाय ती. येईल तुला बी," मामा सांगायचा.

विभागीय स्पर्धेला शहरात गेलो. मामानं कोर्टाच्या दारातून आत डोकं घातलं आणि तसाच थांबला.

"अगं माय! बाजूनं बी भिंती हायेत!"

मोबाइलवरच्या कोर्टाला काचेच्या भिंती होत्या. त्या आम्हाला कधी दिसल्याच नव्हत्या.

खेळ सुरू झाला. चेंडू कडेला आला, मी सवयीनं हात फिरवला आणि रॅकेट भिंतीवर आदळून चिरली. दुसरी नव्हती. समोरच्या मुलीनं भल्या मनानं तिची जादाची दिली, पण मला त्या कोर्टात हात कुठं ठेवावा तेच कळेना. हरले. वयाच्या हिशेबानं शालेय स्पर्धांचं ते माझं शेवटचं वर्ष होतं. येताना एसटीत मामा मोडकी रॅकेट मांडीवर घेऊन बसला होता. त्या दिवशी त्यानं ती तोलली नाही.

पुढं त्यानं शाळा सोडली. आता तो पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे आणि मी हट्टा गावी सासरी. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला.

"इथं कोर्ट हाय गं. दिवे बंद करायला जातो मी. बारकी बारकी पोरं खेळून राहिली. हात लांब करतच न्हाईत. आन् रॅकेटी कशा, पापडावानी हलक्या."

"असू दे मामा."

"तुझं वय काय झालं आता?"

मी सांगितलं. पोलीस भरतीचं वय त्याला तोंडपाठ होतं; माझं ते उलटून गेलं होतं.

तेवढ्यात तिकडून कुणीतरी ओरडलं, "ए बाबा, गेट!"

"हो साहेब, आलो साहेब," मामा म्हणाला. इतक्या शुद्ध मराठीत त्याला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. फोन बंद करायचंही त्याला सुचलं नाही. गेट सरकल्याचा आवाज मी ऐकत राहिले.