परतीचा रकाना
डिझेलचा वास आला की मला इथल्या ब्रिटिश बंदरातल्या गोदीजवळचं ते म्युझियम आठवतं. समुद्रतळातून वर काढलेली युद्धातली जर्मन पाणबुडी तिथे ठेवली होती, गंजलेली, आतून ओलसर. बाहेरच्या बोर्डावर तिच्या सगळ्या मोहिमा होत्या, कधी निघाली, कधी परतली. शेवटच्या ओळीत परतीचा रकाना कोरा होता. "आई, हे ब्लँक का आहे?" माझ्या आठ वर्षांच्या लेकीने विचारलं. "मी आत जाते," म्हणत ती त्या काळोख्या दारात शिरली. "जाते नाही गं, येते म्हणावं!" मी ओरडलेच. "पण मी तर जातेय!" लोखंडावर घुमत आतून आवाज आला. आज, दहा वर्षांनी, तिचं सामान केंब्रिजला कॉलेजात नेणारी व्हॅन दाराशी धूर सोडत उभी होती. "जाते हं, आई," ती म्हणाली. मी अजून दार लावलेलं नाही.