खोट्या लाटांचा तलाव

समुद्राच्या काठावर कुणी तलाव बांधतं का? पोरीनं मोबाइलवर पहिला व्हिडिओ पाठवला, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. मागं एवढा समुद्र पसरलेला, फुकटचा, आणि त्याच्याकडे पाठ करून माणसं निळ्या टाक्यात डुंबतायत. टाकं तरी केवढं! आमच्या बालाघाटचा बसस्टँड त्यात गाड्यांसकट मावला असता. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि पोरीच्या आईला म्हटलं, "इथं कुठंतरी पाणी मुरून राह्यलं."

ती म्हणाली, "तलावात पाणी नाही मुरन तं काय तूप मुरन?"

तिला माझ्या शंकांची सवय आहे. माझं पोटच शंकेवर भरलं. मी राईस मिलमध्ये धान पारखायचं काम केलं, केस पांढरे होईपर्यंत. पोतं समोर आलं की वरचे दाणे मी कधी बघितले नाहीत. वरचे दाणे सगळ्यांचेच चांगले असतात. परखी नावाची एक टोकदार लोखंडी नळी असते, ती पोत्याच्या पोटात खुपसायची, मधले दाणे ओढून काढायचे आणि एक दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर माल वाळलेला, दबला तर ओला. जो गाडीवाला फार बोलतो त्याचा माल ओला असतो. जो काहीच बोलत नाही त्याचा त्याहून ओला, असा माझा अनुभव.

आणि आमची पोरगी काहीच बोलत नव्हती. कटंगीजवळ तिच्या मामाचं गाव आहे. तिथल्या तलावात, उलटा हंडा पोटाखाली धरून, ती लहानपणीच पोहायला शिकली. पुढं नागपूरला जाऊन तिनं बुडणाऱ्यांना वाचवायचा कोर्स केला आणि तिथूनच कोकणातल्या एका रिसॉर्टवर नोकरीला लागली. बायकाही पाण्यात उतरतात, तर बाई गार्ड पाहिजे, असं तिनं सांगितलं.

"काम काय आहे तुले तिथी?" मी फोनवर विचारलं.

"बसाचं अन् पाहाचं, बाबा."

"काय पाहाचं?"

"लोकाइले."

बसून लोकांकडे बघण्याचे पैसे कोण देतं? वैनगंगेच्या घाटावर इतकी माणसं आंघोळ करतात, तिथं कुणी पगारी बसवलेला मी पाहिला नाही. कुणी वाहून गेलंच तर आरडाओरडा होतो, मासे धरणारे ढिवर जाळं घेऊन धावतात. मग हे निळं टाकं असं कोणतं, की त्याला पहारा लागतो? त्यात पोरीचं बोलणं असं. जेवली का? हौ. त्रास तर नाही? नाही. कशी आहेस? ठीक आहे. फोन ठेवला की वाटायचं, हिच्या पोटात काय आहे ते एकदा बघायला पाहिजे.

त्याच सुमारास तुमसरचं एक स्थळ आलं. घरचं दुकान, मुलगा एकटा, माणसं गोड बोलणारी. त्यांनी पोरीचा फोटो पाहिला आणि विचारलं, काय करते? मी म्हटलं, हॉटेल मॅनेजमेंट. मुलाचे वडील म्हणाले, "ते ठीक आहे, पण बैठकीच्या आधी तिले घरी आणून ठेवा. चार लोक विचारतात." गोड बोलण्यातली ही मधली गुठळी माझ्या दाताखाली आली होती, खोटं कशाला सांगू. पण मलाही तेच पाहिजे होतं. मी ठरवलं, सरळ जायचं, डोळ्यांनी बघायचं, आणि जरा जरी काळंबेरं दिसलं तर पोरीला सोबत घेऊनच परतायचं.

पारखायला जाताना सांगून जायचं नसतं. म्हणून तिला न कळवता आम्ही दोघं निघालो. गोंदियाला गाडी बदलली, कल्याणला उतरलो आणि तिथून कोकणात जाणारी बस धरली. वाटेत पोरीची आई बाथरूमला म्हणून डब्याच्या दाराशी गेली ती बराच वेळ आली नाही. त्या वेळी मला शंका आली नाही, हे आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

रिसॉर्टच्या गेटपासूनच मला एकेक गोष्ट खटकायला लागली. एका दिवसाचं तिकीट काढलं तर त्यांनी आमच्या पिशवीतला पोळीभाजीचा डबा काढून घेतला. आत खाणं चालत नाही म्हणे. मग आत खाणं विकत कसं मिळत होतं? पाण्यात उतरायचं तर नायलॉनचेच कपडे पाहिजेत म्हणे. माझ्या धोतराकडे कपडे देणाऱ्या पोरानं असं बघितलं, जसं मी नांगर घेऊनच आत शिरतोय. भाड्यानं एक चड्डी दिली, ती इतकी आखूड की मी टॉवेल सोडायलाच तयार नव्हतो. पोरीची आई छत्रीखालच्या खुर्चीत बसली होती. पदर तोंडाला लावून ती जी हसत सुटली, ती थांबेना.

टाक्याजवळ गेलो आणि ओंजळभर पाणी उचललं. ओंजळीत निळेपणा नावाला नव्हता. रंग फरशीचा होता! बोट चाटून पाहिलं तर औषधाची चव आली. भिंतीपलीकडे खरा समुद्र मातकट होता, आपल्या मर्जीनं येत-जात होता. इकडे थोड्या थोड्या वेळानं मिलसारखा भोंगा वाजायचा, एका टोकाच्या भिंतीआडून यंत्र घरघरायचं आणि पाण्यात लाटा उठायच्या. माणसं किंकाळ्या मारायची, एकमेकांवर पडायची, हसायची. खऱ्या लाटा भिंतीपलीकडे रिकाम्या पडलेल्या आणि इथं यंत्राच्या लाटांसाठी रांग! मला तर सगळं जगच भेसळीचं वाटायला लागलं.

आणि तिथंच, एका उंच खुर्चीवर, आमची पोरगी बसली होती. लाल टीशर्ट, गळ्यात शिट्टी. खरंच बसली होती आणि खरंच बघत होती. तिची मान हळूहळू या टोकाकडून त्या टोकाकडे जायची आणि परत यायची. आमच्यावरून तिची नजर गेली तशी पुढं सरकली. आईबाप इतक्या लांबून आले, समोर उभे आहेत, आणि पोरीच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही! मला वाईट वाटलं. मग राग आला. ओळखलं नाही, म्हणजे ती बघतच नाही. शोभेला बसवलेली आहे, दुकानात कपडे घातलेली बाहुली उभी करतात तशी. माझ्या पोरीला लोकांनी बघावं म्हणून तिथं बसवलंय, असं माझ्या मनानं घेतलं.

मग मी जे केलं ते परखीवाल्याच्या अकलेनं केलं. वरचे दाणे कशाला बघायचे? नळी सरळ पोटात खुपसायची.

टॉवेल सोडला आणि पाण्यात उतरलो. छातीइतक्या पाण्यापर्यंत चालत गेलो. भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या. माझ्यापासून हातभर अंतरावर, जरा खोलाकडे, एक ठेंगणी बाई होती, भाड्याच्या काळ्या कपड्यांतली. मान मागं टाकून ती आभाळाकडे बघत होती. केस तोंडावर आले होते, तेही बाजूला करत नव्हती. मला वाटलं, शहरातल्या लोकांचे चोचले, पाण्यात उभं राहून आभाळ बघतात. तिच्याकडे मी पाठ केली, दोन्ही हात वर केले आणि जीव खाऊन ओरडलो, "बुडलो! वाचवा हो, बुडलो!"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. छत्रीखालून पोरीची आई उठून उभी राहिली. खुर्चीवरच्या पोरीनं माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि नजर काढून घेतली.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, ते लिहायला बोट धजत नाही. मी पुन्हा ओरडलो. तेवढ्यात शिट्टी वाजली, कर्कश्श. यंत्राची घरघर थांबली आणि पोरगी खुर्चीवरून थेट पाण्यात पडली. पाणी कापत ती माझ्याच दिशेनं येत होती. आली रे माझी वाघीण! शरमही वाटली आणि अभिमानही. ती जवळ आली तसा मी हात पुढं केला.

ती माझ्या हाताखालून पुढं गेली.

मी वळलो. त्या ठेंगण्या बाईचा चेहरा आता पाण्याखाली होता आणि तिचे केस तेवढे वर तरंगत होते. पोरीनं तिला काखेखाली धरून वर घेतलं, पाठीवर उताणी केली आणि ओढत काठाकडे नेलं. दुसऱ्या गार्डनं तिथून उचलून घेतलं. बाई बराच वेळ नुसती पडून होती. मग खोकली, पाणी ओकली आणि लहान लेकरासारखी रडायला लागली. टाक्यात एवढी माणसं होती, पण तिचा आवाज सगळ्यांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. जन्मभर ज्याच्या त्याच्यावर शंका घेतली आणि नेमकी तिच्यावर घेतली नाही.

मी पाण्यात तसाच उभा होतो. पोरगी काठावर उठून उभी राहिली. दम लागला होता. तिनं माझ्याकडे बोट केलं आणि तिथल्या सगळ्यांशी बोलतात तसं हिंदीत म्हणाली, "अंकल, आप बाहर निकलिए. झूठमूठ चिल्लाने वालों को पानी में अलाऊ नहीं है."

अंकल! जन्म दिलेल्या बापाला! चारचौघांत, त्या आखूड चड्डीत, मी खाली मान घालून पायऱ्या चढलो. पोरीच्या आईनं टॉवेल पुढं केला आणि म्हणाली, "मारली ना पोरीवर परखी? सापडला दाना?"

ड्यूटी संपल्यावर संध्याकाळी पोरगी आम्हाला मागच्या बाजूला, कामाच्या बायका राहतात त्या खोल्यांकडे घेऊन गेली. तिनं आमच्या पाया पडून चहा आणला, गेटवरचा डबाही सोडवून आणला. मी म्हटलं, "बाप ओरडून राह्यला अन् तू हालली नाही."

"तुम्ही गेटातून आले तवाच पाह्यलं मी तुमाले," ती म्हणाली. "पन ड्यूटीवर नजर हालवता येत नाही. अन् बुडनारा ओरडत नाही, बाबा. ज्याले ओरडता येते, त्याच्या छातीत हवा असते. बुडनाऱ्याले श्वासच पुरत नाही, तो आवाज कोठून काढन? जो गुपचाप दिसते ना, त्याच्यावर नजर ठेवा लागते."

"अन् मी ओरडून राह्यलो होतो तं?"

"तुम्ही ओरडले म्हणून सगळे तुमच्याकडे पाहाले लागले. मी पन पाह्यलं. तेवढ्यात ती बाई खाली गेली." एवढं बोलून ती कपात बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी नजर चुकवून इकडे तिकडे बघितलं. दाराच्या आत एक बॅग ठेवलेली दिसली. फुगलेली, चेन लावलेली, वर टॉवेल घडी करून ठेवलेला. मी विचारलं, "ही कोनाची बॅग?"

"माहीच. काल रात्री भरली."

"काहून?"

"आईनं गाडीतून फोन केलता. म्हणे, बाबा तुले न्याले येऊन राह्यले." तिनं कप खाली ठेवला. "म्हटलं, तुमाले थांबा नाही लागलं पाहिजे."

मी पोरीच्या आईकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती. म्हणजे पोरीला कालपासून माहीत होतं. बॅग भरून ती सकाळी कामावर गेली, आपला शेवटचा दिवस समजून त्या खुर्चीवर बसली, आणि मला गेटातून आत येताना बघूनही पाण्यावरून नजर फिरवत राहिली. नको म्हणाली नाही, भांडली नाही. फोनवर इतके महिने हौ, नाही, ठीक आहे. मी त्या बॅगेकडे बघत होतो. तिनं एकदाही हाक मारली नव्हती.

मी उठलो. बॅगेवरचा टॉवेल उचलून हातानं दाबून पाहिला आणि बाहेरच्या दोरीवर पसरवला. म्हटलं, "ओला आहे हा. असा बॅगेत भरत नसतात. बाकीचेही कपडे काढ."

पोरगी उठली. आत गेली आणि चेन उघडल्याचा आवाज आला. मग नाक ओढल्याचाही. पोरीच्या आईनं डबा उघडला आणि माझ्या ताटलीत आपल्या वाटणीची पोळी टाकली.

बालाघाटला परतलो त्याच दिवशी तुमसरचा फोन आला. मुलाचे वडील नेहमीसारखे गोड बोलले. प्रवास कसा झाला, तब्येती कशा आहेत. मग म्हणाले, "आनली ना पोरगी घरी?"

"नाही आनली," मी म्हटलं. "ते हॉटेल मॅनेजमेंट खोटं होतं. बुडनाऱ्याले पान्यातून काढते ती. सरकारी सुट्टीतही नोकरीवर असते. तुमाले पाहाची असन तं तिकडेच जा."

पलीकडून काहीच आवाज येईना. गप्प राहिलेल्या माणसाकडे दुर्लक्ष करायचं नाही, हे मी आता शिकलो होतो. म्हणून मीच पुढं म्हटलं, "अन् जाल तं चड्डी घरूनच घेऊन जा. तिथली आखूड असते."