दोन सूत पाणी

डोंगर-दऱ्यांचं मॉडेल करायचं तर आधी पुठ्ठा ओळखता आला पाहिजे. वहीच्या पाठीमागचा पुठ्ठा चालत नाही, सरसाच्या ओलीनं तो पुरीसारखा फुगतो. कापडाच्या ठाणातून निघतो तो करडा, दडस पुठ्ठा घ्यावा. नखानं दाबला तर खूण पडू नये. कापायला कात्री नको, चांभाराची रापी पाहिजे. हे मला कोणी शिकवलं नाही. मी नासवून नासवून शिकलो.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. बाप वांगी-मिरची लावायचा, आजाही तेच करायचा, आणि मी बी.ए. झालो. मेहकरला धरणाच्या कामाची कचेरी उघडली होती, तिथं मी ट्रेसर म्हणून लागलो. नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि खालच्या रेघा शाईनं गिरवायच्या, एवढंच काम. पण माझी रेघ हलत नसे. मोठे मोठे इंजिनियर माझा कागद हातात घेऊन उजेडाला धरत.

आमच्या साहेबांचं बोलणं पुण्याकडचं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणालो, "साहेब, मले वाटते, ही रेघ चुकली." रेघ खरंच चुकली होती. पण साहेब हसले ते रेघेला नाही. "मले काय, मले? बी.ए. झालात ना हो?" शिपाईसुद्धा दात काढून हसला. त्या दिवसापासून कचेरीत मी पुस्तकातल्यासारखं बोलायला लागलो. घरी गेलो तरी चार-दोन वाक्यं तशीच निघायची. आई म्हणायची, "काऊन बे, कोणाच्या घरचा पाहुणा आला तू?"

ज्या धरणाचे नकाशे मी गिरवत होतो, त्यात माझ्या मामाचं गाव बुडणार होतं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. मी मेहकरला हायस्कुलात होतो तेव्हा दर बाजाराच्या दिवशी मामा तीन कोस चालत यायचा, डोक्यावर पीठ अन् मिरच्या घेऊन. अक्षर एक येत नव्हतं त्याला. माझी वही मात्र उघडून पाहायचा, उलटी का असेना. मी पास झाल्यापासून तो मला नावानं हाक मारीत नसे. 'भाचेबुवा' म्हणे, आणि तेही चारचौघांत, मोठ्यानं.

मामाचं घर पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, वर धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आत सागाचे बारा खांब. ते खांब त्याच्या आज्यानं बैलगाडीनं जंगलातून आणले होते. आमच्या भागात घराची माती कोणी मोजत नाही, लाकूड मोजतात. गाव उठायची वेळ आली की लोक आधी धाबं उकरतात, मग खांब आणि तुळया उतरवून गाडीत घालतात आणि नव्या जागी तेच लाकूड पुन्हा उभं करतात. ज्याचं लाकूड गेलं त्याचं घर गेलं.

साहेबांनी एक दिवस मला बोलावलं. "लोकांना नकाशा समजत नाही. तालुक्याच्या शेतकी प्रदर्शनात ठेवायला मॉडेल करा. धरण कुठं, पाणी कुठपर्यंत, गावं कोणती, सगळं डोळ्यांना दिसलं पाहिजे. जमेल?"

"जमेल," मी म्हणालो. मी जन्मात मॉडेल केलं नव्हतं.

नकाशावर दर पाच फूट चढाला एक, अशा उंचीच्या रेघा होत्या. एकेक रेघ पुठ्ठ्यावर उतरवायची, रापीनं कापायची आणि थरावर थर सरसानं चिकटवत जायचं. पुठ्ठा एक सूत जाडीचा, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हा एक सूत म्हणजे पाच फूट, असा उंचीचा हिशोब मी बांधला. लांबी-रुंदीला त्याच्या दहापट बारीक माप घेतलं, नाहीतर आमची टेकडी पोळीसारखी सपाट दिसली असती. थर चढले की पायऱ्या दिसतात. त्या बुजवायला रद्दीचा लगदा केला, त्यात मेथीचं पीठ घातलं, आणि झुरळांनी खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद. वरून दवाखान्यात मोडक्या हाताला लावतात ते प्लास्टर. प्लास्टर कोणासाठी थांबत नाही, कालवलं की लगेच ओतावं लागतं. माझी पहिली तीन घमेली हातातच दगड झाली.

शेतांसाठी काळी माती फडक्यातून चाळून ओल्या सरसावर भुरभुरवली. पिकाला हिरव्या रंगातला लाकडाचा भुसा. झाडांना वाळल्या घोसाळ्याची जाळी, तुकडे तोडून हिरव्या रंगात बुडवलेली. धरणाच्या भिंतीवर दगड दिसावेत म्हणून खसखस चिकटवली. ती पाहून शिपाई म्हणाला, "बाबू, धरण खाऊन टाकावं वाटून राह्यलं." देवळाचं शिखर मी खडूतून कोरलं.

घरं मी आधी मापाबरहुकूम केली. मापात एका घराची लांबी-रुंदी मोहरीच्या दाण्याएवढीच भरत होती. साहेबांनी वाकून पाहिलं. "ह्यात गाव कुठंय हो? मला तर उंदरानं लेंड्या टाकल्यासारखं दिसतंय. घरं मोठी करा. माणसाला आपलं घर ओळखू आलं पाहिजे."

मग ज्वारीच्या धांड्याचा पांढरा गाभा काढून ब्लेडनं घरं कापली. प्रत्येक घर सहा सूत उंच. ती नीट उभी राहावीत म्हणून प्रत्येकाखाली दोन सूत जाडीचं बूड लावलं. सगळी घरं चिकटवून झाल्यावर खोलगट भागात पातळ प्लास्टर ओतून पाणी केलं, पट्टीनं सारखं केलं, त्यावर निळा ऑइल पेंट दिला. मधे गडद, कडेला फिका. शेवटी वार्निश. वार्निश लावताना खिडक्या बंद करून फरशीवर पाणी शिंपडावं, म्हणजे धूळ बसते. चार हात दिले. पाणी असं चमकायला लागलं की शिपायानं बोट लावून पाहिलं.

खालच्या आळीची घरं निम्मी निळ्यात बुडाली. मामाचं घर गावाच्या उंच टोकाला होतं. तिथं पाणी दोन सूत, आणि घराखालचं बूडही दोन सूत. म्हणजे पाणी नेमकं ओट्याला टेकलेलं दिसत होतं. खरं तर दोन सूत म्हणजे दहा फूट. मामाचं धाबं नऊ फुटांवर होतं.

मला हे कळत होतं. म्हणून मी मॉडेलच्या कोपऱ्यात बारीक, सुबक अक्षरात लिहिलं, 'घरे प्रमाणात नाहीत.' आणि माझं काम संपलं असं समजलो.

प्रदर्शनाला मामा आला, धुतलेलं धोतर नेसून, मामीला आणि गावच्या चार माणसांना घेऊन. लांबूनच ओरडला, "सरका बे, सरका! आमच्या भाचेबुवानं बनवेल हाये हे!"

मामीनं तोंडावर पदर धरला. "अवं माय, हे तं आपलं देऊळ! अन् हे चिंचीचं झाड! पाहा बरं, पार बी केला पोरानं."

मामानं बोट न लावता, वरूनच, घर दाखवलं. "हे आपलं व्हय ना?"

"हो."

"तं पाणी ओट्यालोकच येईन म्हना की." तो माझ्याकडे पाहत होता. सोबतचे चौघंही पाहत होते.

त्याच वेळी आमचे साहेब वरच्या साहेबांना घेऊन टेबलाशी आले. मी ताठ झालो. मामाला 'मामा' म्हणावं की नाही, असा एक क्षण गेला. मग मी म्हणालो, "प्रतिकृतीत सर्व काही मोजमापानुसार दर्शविलेले आहे."

वरच्या साहेबांनी मान डोलावली. मामानंही डोलावली. मामाला त्यातला 'मोजमाप' हा शब्द तेवढा समजला. तो सोबत्यांना म्हणाला, "आयकलं ना? मोजून करेल हाये."

मॉडेलचं नाव झालं. त्या जोरावर मला बढती मिळाली आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वरवट बकालकडे, मोजणीच्या कामावर पाठवलं. मी खुशीत गेलो.

होळीला घरी आलो होतो. परत जाताना मेहकरच्या स्टँडवर मामा भेटला, गावचे दोघं-तिघं सोबत, चहा घेत बसलेले. गावाला नोटिसा लागल्या होत्या. खालच्या आळीनं लाकूड उतरवायला सुरुवात केली होती.

"तुम्ही कधी काढता खांब?" मी सहज विचारलं.

"काऊन काढू?" मामा हसला. "धाबं उकरलं की घर मेलं. माणसं जाऊ ना नव्या गावठाणात, चार म्हैने राहू टिनाखाली. पाणी ओट्याचं उतरलं की परत येऊ. खालच्या आळीवाल्याहिनं काढावं, त्याहिचं बुडून राह्यलं."

मी म्हणालो, "मामा, तरी काढून घ्या. नोटीस आहे."

"नोटीस तं साऱ्याहिलेच देतेत." त्यानं सोबत्यांकडे पाहून डोळा मिचकावला. "काऊन बे भाचेबुवा, आपल्या हातच्या कामावर भरोसा नाही काय?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "बी.ए. झाला तरी मामाले भेतेच!"

तेव्हा म्हणायला पाहिजे होतं, मामा, घरं मी मोठी केली होती, दिसावी म्हणून. तुझ्या धाब्यावरून पाणी जाणार आहे. एवढंच. पण मामा त्या लोकांसमोर वर्षभर माझी फुशारकी मारत होता. मी म्हटलं, निवांत गाठून सांगू. एसटी लागली, मी चढलो.

वरवटला पोचल्यावर कार्ड लिहिलं. चार ओळी लिहून झाल्यावर ध्यानात आलं की मामा हे कार्ड शाळेच्या मास्तरकडे नेणार. मास्तर ते पारावर वाचणार, मोठ्यानं, कारण आमच्या गावांत पत्र तसंच वाचतात. भाच्यानं केलेलं मॉडेल चूक होतं, असं सारं गाव ऐकणार. मी दुसरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'खांब काढलेले बरे.' कारण काही लिहिलं नाही. नुसत्या सांगण्यानं मामा हलणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी कार्ड टाकलं आणि आपण कळवलं असं मनाला बजावलं.

भादव्यात पाणी चढलं. मामा-मामी टिनाच्या शेडमध्ये होते. पाणी ओट्याला लागलं तेव्हा मामा काठावर उभा राहून म्हणाला म्हणे, "बस, आता थांबते." दुसऱ्या दिवशी ते दाराच्या कडीला होतं. आठवड्यात धाबं दिसेना. पांढऱ्या मातीच्या भिंती आतून विरघळल्या आणि सगळं खाली बसलं. मामी दोन दिवस जेवली नाही, असं आईनं कळवलं. मामाबद्दल काही कळवलं नाही.

पुढच्या वैशाखात तलाव उतरला तेव्हा मी रजा काढून गेलो. आठ-दहा माणसं, दोन बैलजोड्या. गाव म्हणजे नुसता गाळाचा चिखल, वर वाळलेला, आत ओला. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जायचा. घर कुठलं कोणाचं, अंदाजानं सांगायचं. आम्ही उकरून खांबाला दोर बांधला, बैल ओढायला लागले. बारा खांबांपैकी पाच सापडले. दोन मधोमध तडकले, एक गाळातच मोडला. तुळया कधीच वाहून गेल्या होत्या. धड निघाले ते दोन.

मामा खाली बसला आणि हातानं एका खांबाचा गाळ पुसायला लागला. खालच्या आळीतला एक जण उभा होता. त्यानं आपलं लाकूड वेळेत नेलं होतं, नव्या गावठाणात त्याचं घर उभंही राहिलं होतं. तो वाईट माणूस नव्हता, पण राहवलं नाही त्याला.

"काय हो पाटील, ओट्यालोकच येनार होतं ना पाणी?"

मी मामाकडे पाहिलं नाही.

मामा मान वर न करता म्हणाला, "ओट्यालोकच येनार होतं. धरणवाल्याहिनं जादा अडवलं. माह्या भाच्यानं सूत लावून करेल होतं ते, मोठ्या साहेबासमोर सांगितलं त्यानं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सांग बे याहिले."

त्याच्या मिशांना गाळ लागला होता. सारे माझ्याकडे बघत होते. खरं सांगितलं असतं तर मामाचं घर परत येणार नव्हतं, आणि त्याच्याजवळ उरलेली एक गोष्टही गेली असती. असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. ते मामासाठी म्हटलं की माझ्यासाठी, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

"हाव," मी म्हणालो, "पाणी जादाच आलं."

मामानं मान हलवली आणि खांबाचं एक टोक धरलं. "घे, उचल तिकडून," तो म्हणाला, आणि आम्ही तो खांब गाडीकडे न्यायला लागलो.