शालिकरामची दोन शिटांची गाडी

शालिकराम मेश्रामनं सगळी नोकरी सरकारी अॅम्बेसेडरच्या चाकामागे काढली आणि निवृत्त झाल्यावर स्पोर्ट्स गाडी घेतली. यात जगावेगळं काही आहे असं त्याला वाटलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्याची चालवली, आता आपली चालवू, एवढाच त्याचा विचार.

गाडी जपानी. कामठीच्या भैयाजी मिस्त्रीच्या आवारात बाभळीखाली उभी होती. छावणीतल्या कोण्या अफसरानं ती परदेशातून आणली आणि बदली झाल्यावर इथंच सोडली. सुटे भाग मिळेनात, म्हणून भैयाजीनं मूळ इंजिन काढून मेटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलं. ते मावेना, म्हणून बोनेट कापून वर पत्र्याचा डबा ठोकला. हेडलाइट उघडमीट करणारे. उजवा आपणहून उठायचा, डाव्याला खाली उतरून हात द्यावा लागायचा. रंग लालभडक, आवाज पिठाच्या गिरणीचा.

“जोरात पळते का गा?” शालिकरामनं विचारलं.

“पळते ना,” भैयाजी म्हणाला. “उतार पाहिजे.”

इंदोऱ्यात शालिकरामच्या घरी गाडी आली तशी सारी गल्ली लोटली. शालिकरामची बायको कौसल्या गाडीभोवती एक चक्कर मारून आली.

“मांगच्या शिटा कुठी गेल्या?”

“नाहीतच. अशा गाडीले दोनच राहतात वं.”

“मंग गहू आणाचा कशात?”

“मांडीवर घेजो.”

“अन् नातवंडं?”

शालिकरामनं थोडा विचार केला. “गव्हावर.”

कौसल्यानं आत बसून पाहिलं आणि ती म्हणाली, “सडकीवर बसल्यावानी वाटून राहिलं.” पण उतरली नाही. कामठी रोडनं एक फेरी झाल्यावरच उतरली.

उन्हाळ्यात एकदा शालिकराम कामठीहून परत येत होता. वाटेत त्याची जुनी अॅम्बेसेडर बोनेट उघडून उभी दिसली. नवा ड्रायव्हर मेकॅनिक शोधायला गेला होता आणि देवपुजारीसाहेब डोक्यावर फाइल धरून उन्हात उभे होते. निवृत्त होईपर्यंत शालिकराम त्यांचीच गाडी चालवायचा.

“बसा साहेब, सोडतो.”

साहेब सवयीनं मागे गेले. तिथं दरवाजा नव्हता. ते खिडकीपाशी आले, मग पुन्हा मागे जाऊन नीट पाहून आले.

“मांगं जागा नाही साहेब. पुढंच बसा लागते.”

इतक्या वर्षांत साहेब त्याच्या शेजारी कधी बसले नव्हते. आता बसले. गुडघे छातीला टेकले, फाइल गुडघ्यांवर. शालिकरामला नजर कुठे ठेवावी कळेना. साहेबांचा चेहरा तो नेहमी आरशात बघायचा. आज त्या आरशात नुसता रस्ता होता.

“फार खाली आहे हो,” साहेब म्हणाले. शालिकरामला त्यांनी ‘हो’ म्हटलं ते पहिल्यांदाच. तो दचकला आणि त्याचा गिअर चुकला.

एका सायकलवाल्यानं त्यांना मागे टाकलं. जाताना वाकून त्यानं शालिकरामला विचारलं, “काका, गाडी तुमची का या भाऊची?”

“माही,” शालिकराम म्हणाला. साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

इंदोऱ्याच्या वळणापाशी पत्र्याच्या डब्यातून वाफ उसळली. रेडिएटर उकळला होता. घर समोरच, म्हणून शालिकरामनं गाडी तशीच दारात नेली. साहेबांना बाहेर काढायला त्याला दोन्ही हातांनी ओढावं लागलं. या वळणावरून साहेब शेकडो वेळा गेले असतील. थांबले कधी नव्हते.

इंजिन निवेस्तोवर कौसल्यानं खाट टाकली आणि चहा आणला. साहेबांनी कप घेतला. शालिकराम पाण्याची बादली घेऊन उभाच राहिला.

“तुम्ही पण घ्या ना,” साहेब म्हणाले. “बसा.”

शालिकरामनं बादली खाली ठेवली आणि त्याच खाटेवर, पण अगदी काठावर, तो बसला. दोघं गाडीकडे बघत चहा प्यायले. साहेबांनी दुसरा कप मागितला तेव्हा कौसल्याला पुन्हा स्टोव्ह पेटवावा लागला.

ते गेल्यावर तिनं विचारलं, “इतक्या वर्सात कधी आले नाहीत. आज कसे आले हो?”

“गाडी तापली,” शालिकराम म्हणाला. ते खरंही होतं.

पुढे गाडी बरीच वर्षं चालली. साहेब अधूनमधून येत राहिले, बहुधा रविवारी, स्वतःच्या स्कूटरवरून. येताना मात्र गाडीत बसायची वेळ येणार नाही, याची काळजी घ्यायचे. गुडघे दुखतात, म्हणायचे.