आबा सावधान उभे राहिले

कांबळे आबा टपरीवर कधी बाकावर बसत नसत. खांबाला पाठ टेकून उभ्यानेच चहा पीत. शाहूपुरीतले आम्ही शेजारी त्याला मिलिटरीचा रुबाब समजायचो. खरं असं होतं, की बसले तर त्यांना उठवायला दोन माणसं लागायची.

फौजेत असताना राशनची पोती आणि दारूगोळा पाठीवर घेऊन ते वर्षानुवर्षं डोंगर चढले. एकदा बर्फावरून ओझ्यासकट घसरले, तरी आजारी म्हणून नाव दिलं नाही. "आजारी पडनारा कामचुकार, आसं म्हनायची आमच्यात," हे ते अगदी अभिमानानं सांगत. निवृत्तीनंतर मणके आणि गुडघे बोलायला लागले. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला, तर उत्तर आलं, की नोकरीत दुखापतीची नोंद नाही, दुखणं वयाचं आहे. वयाचं म्हणे! भरती करताना छाती मोजून, पळवून, पारखून घेतलेला माणूस वाकवून परत पाठवायचा आणि वर त्याच्या वयाकडे बोट दाखवायचं. मला आजही याचा संताप येतो.

आबांचं मागणं साधं होतं. "पैशाचं ऱ्हाऊ दे की. पाठ सरकारी कामावर मोडली, येवढं लिवून द्या म्हनावं."

अपील केलं. पुन्हा मेडिकल बोर्डापुढे तपासणी लागली. मी सोबत गेलो आणि वाटेत त्यांना बजावलं, की दुखेल तिथं कण्हा, हातातली काठी सोडू नका. त्यांनी मान डोलावली. पण त्यांची गुळगुळीत दाढी आणि चमकवलेले बूट बघून माझ्या मनात पाल चुकचुकलीच होती. खोलीत डॉक्टर आले, वर्दीतले, हुद्द्यानं मोठे. आबांनी काठी माझ्या हातात दिली आणि टाचा जुळवून सावधान उभे राहिले. कसे आहात विचारल्यावर म्हणाले, "एकदम ठीक, साब." वाकायला सांगितलं तेव्हा दात आवळून वाकले, पण हूं की चूं केलं नाही.

बाहेर येताच ते भिंतीला धरून खाली घसरले. ठीक कसं म्हणालात, म्हणून मी त्यांच्यावर डाफरलो.

"सायबाम्होरं कन्हायचं न्हाय, ह्ये त्यांनीच शिकवलं की रं."

शिकवणाऱ्यांना एवढंही कळू नये?

अपील फेटाळलं गेलं. कारण दिलं होतं, की हा माणूस ताठ उभा राहतो. पुढच्या अपिलाची तारीख लागण्याआधीच आबा गेले. त्रिसरण-पंचशील झाल्यावर त्यांच्या पलटणीतले एक निवृत्त साहेब म्हणाले, "शेवटपर्यंत ताठ उभा राहिला हा माणूस."

"साहेब," मी म्हणालो, "तुमच्या बोर्डानंही हेच लिहिलंय."