आधी विचारणारं अ‍ॅप

मुलुंडच्या कुंदा साळवींनी बालवाडीची नोकरी सांभाळत आयुष्यभर क्रोशा विणला. सोसायटीत बाळ जन्मलं की त्यांचं टोपडं घरी पोचायचं. साठी उलटल्यावर मात्र हात थरथरायला लागले, सुई टाक्याटाक्याला निसटू लागली. त्यांनी विणणं सोडलं. कुणापाशी तक्रार केली नाही, पण दुपारभर टीव्हीसमोर नुसत्या बसून राहायच्या.

ते बघवेना म्हणून सून मानसीने त्यांना मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खातं काढून दिलं. तिथे विणणाऱ्यांचा मोठा गोतावळा होता. हे एका कंपनीचं नाही, ठिकठिकाणची माणसं आपापलं चालवतात आणि तरी सगळे एकमेकांशी जोडलेले असतात, असं तिने समजावलं. कुंदाताईंनी मान डोलावली. त्यांना टाके बघायचे होते.

काही दिवस मजेत गेले. मग चेंबूरच्या चेतना गायकवाडची पोस्ट दिसली. आई गेली, तिने विणायला घेतलेल्या स्वेटरची एक बाही राहिलीय, बघवत नाही, असं तिने लिहिलं होतं. कुंदाताई फोटो मोठा करायला गेल्या, बोट थरथरलं, आणि ती पोस्ट त्यांच्या नावाने सगळीकडे पुढे गेली.

"परक्या मुलीचं दुःख मी गावभर केलं गं," त्या मानसीला म्हणाल्या. त्यानंतर फोनला हात लावीनात.

खातं तेच ठेवून अ‍ॅप बदलता येतं, हे मानसीला ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी दोघी बसल्या. पहिलं अ‍ॅप देखणं, पण बटणं ज्वारीच्या दाण्याएवढी. दुसऱ्यात अक्षरं मोठी, पण वाचता वाचता पान आपोआप वर सरकायचं. तिसरं करड्या रंगाचं, अगदीच साधं. त्याच्या सेटिंगमध्ये मानसीला एक सोय सापडली: पोस्ट पुढे पाठवण्याआधी ते विचारायचं. कुंदाताईंनी मुद्दाम बटण दाबलं. नक्की पाठवायचं का, असं आलं. त्यांनी 'नाही' केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा 'नाही'. मग त्यांना हसू फुटलं.

"आई, पण ते पहिलं किती छान दिसतं," मानसी म्हणाली.

"दिसू दे. हे मला सावरायला वेळ देतंय."

त्याच अ‍ॅपवरून त्यांनी चेतनाची माफी मागितली. त्या सांगत गेल्या, मानसीने टाइप केलं. चेतनाला राग आलाच नव्हता. उलट तिने विचारलं, काकी, मला विणता येत नाही, शिकवाल का?

चेतना रविवारी मुलुंडला येऊ लागली. कुंदाताई शेजारी बसून तोंडाने सांगायच्या, दोन साखळ्या, एक खांब. चुकलं की उसवायला लावायच्या. पावसाळा सरता सरता बाही पुरी झाली, पण जुन्या बाहीपेक्षा चांगली चार बोटं लांब. कुंदाताई पुन्हा उसवायला निघाल्या, तेव्हा चेतनाने स्वेटर ओढून घेतला.

"राहू दे काकी. ती आईची, ही माझी."

जानेवारीत तो अंगात घालून, लांब बाही मनगटावर दुमडून, ती ऑफिसला गेली.